अल्बम फुटला, पण खप त्यामुळेच घटला का? हिशेब तपासण्याची रीत

प्रश्नपत्रिका फुटली की पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असते: परीक्षा रद्द होते आणि नवी तारीख लागते. गाण्यांचा अल्बम फुटतो, म्हणजे प्रकाशनाच्या तारखेआधीच इंटरनेटवर पोहोचतो, तेव्हा त्याचे नेमके काय नुकसान झाले हे ठरवणे मात्र अवघड असते. कंपनी म्हणते की विक्री बुडाली, चाहते म्हणतात की उलट फुकटात जाहिरात झाली, आणि दोन्ही बाजूंना सोयीचा एखादा आकडा हाताशी असतोच.

ऑक्टोबर २००० मध्ये रेडिओहेड या इंग्लिश बँडचा ‘किड ए’ हा अल्बम आला. तो दुकानात पोहोचण्याच्या सुमारे तीन आठवडे आधीच नॅपस्टर या गाण्यांच्या फाइली एकमेकांना देण्याच्या इंटरनेट-सेवेवर सर्वांना मिळत होता. त्यातून एकही गाणे सिंगल म्हणून, म्हणजे सुटे, काढलेले नव्हते आणि नेहमीसारखे व्हिडिओही नव्हते. तरीही अमेरिकेत पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे २ लाख ७ हजार प्रती खपल्या आणि बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या खपाच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. याच बँडचा आधीचा अल्बम तेथे २१ व्या क्रमांकापलीकडे गेला नव्हता. हे उदाहरण पुढे इतक्यांदा सांगितले गेले की अल्बम फुटण्याने फायदाच होतो असा जणू नियमच ठरून गेला. एका अल्बमवरून असा नियम निघत नाही. पण नुकसानच होते हा नियमही एका अल्बमवरून निघत नाही, हे कंपन्यांना कोणीतरी सांगायला हवे होते.

संगीतावर लिहिणाऱ्यांना, या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना आणि स्वतःचा अल्बम काढू पाहणाऱ्यांना अशा दाव्याची तपासणी कशी करावी हे येथे सांगितले आहे. उदाहरणे बहुतेक अमेरिकेतील आहेत, कारण १९९१ पासून साउंडस्कॅन या यंत्रणेने तेथील दुकानांच्या गल्ल्यावरची विक्री आठवड्या-आठवड्याने नोंदवून ठेवली आहे आणि अशा नोंदीवाचून हा वाद नुसत्या मतामतांचा राहतो.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

बोलताना आपण ‘डाउनलोडने अल्बम मारला’ असे एका दमात म्हणून टाकतो, पण त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात. पहिली म्हणजे अल्बम फुटणे: विकत घेण्याची सोय अजून झालेलीच नाही आणि गाणी मात्र बाहेर पडली आहेत. दुसरी म्हणजे प्रकाशनानंतरची अनधिकृत नक्कल: गाणी दुकानात आहेत, पण ऐकणारा ती फुकट उतरवून घेतो. तिसरी म्हणजे कायदेशीर डाउनलोड: ऐकणारा पैसे देतो, पण बहुतेक वेळा अख्ख्या अल्बमचे नव्हे, एका गाण्याचे.

या तिसऱ्या गोष्टीकडे लोकांचे सर्वांत कमी लक्ष जाते आणि माझ्या मते अल्बमच्या खपावर सर्वांत खोल घाव तिनेच घातला. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने अमेरिकेत आयट्यून्सचे गाण्यांचे दुकान उघडले. तेथे एक गाणे ९९ सेंटना मिळत होते आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. त्याआधी एका आवडत्या गाण्यासाठी बारा-पंधरा डॉलरची अख्खी सीडी घ्यावी लागत असे. त्या सीडीतली उरलेली दहा गाणी ग्राहकाला हवी असत असे नाही. ती गठ्ठ्यात येत म्हणून तो घेत असे. गठ्ठा सुटल्यावर तोच ग्राहक एक डॉलर देऊन बाहेर पडू लागला. यात चोरी कोणीच केली नव्हती, तरी अल्बमच्या विक्रीच्या खात्यात एक प्रत कमी झाली. सन २००० मध्ये अमेरिकेत सुमारे ७८ कोटी ५० लाख अल्बम विकले गेले होते. २०१२ मध्ये डिजिटल अल्बम धरूनही तो आकडा सुमारे ३१ कोटी ६० लाखांवर आला. त्याच २०१२ मध्ये सुट्या गाण्यांची डिजिटल विक्री १३० कोटींच्या वर होती. एखाद्या अल्बमचा खप घसरला आणि तो फुटलाही होता, एवढ्यावरून दोहोंची गाठ मारण्याआधी त्या अल्बममधली गाणी सुटी किती विकली गेली ते पाहावे. गाणी भरपूर विकली गेली असतील आणि अल्बम पडून राहिला असेल, तर दोष फुटण्याकडे जात नाही.

खप म्हणजे नेमका कोणता आकडा

‘दहा लाख प्रती’ असे वाचले की आधी विचारावे: पाठवलेल्या की विकलेल्या? अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना खपाची गोल्ड आणि प्लॅटिनम ही प्रमाणपत्रे परंपरेने दुकानांकडे रवाना झालेल्या मालावर देत आली आहे. साउंडस्कॅनची मोजणी मात्र ग्राहकाने पैसे दिले त्या क्षणाची असते. दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि त्यांत मोठे अंतरही असू शकते.

फुकट वाटलेल्या प्रतींचा प्रश्न याहून गमतीचा आहे. जुलै २०१३ मध्ये सॅमसंगने अमेरिकन रॅपर जे-झीच्या नव्या अल्बमच्या दहा लाख प्रती आधीच विकत घेऊन आपल्या फोनधारकांना फुकट वाटल्या. संघटनेने आपला नियम बदलून त्या अल्बमला पहिल्याच दिवशी प्लॅटिनमचा मान दिला, तर बिलबोर्डने त्या प्रती आपल्या यादीसाठी मोजण्यास नकार दिला. बिलबोर्डच्या हिशेबाने त्याच अल्बमच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रती सुमारे ५ लाख २८ हजार होत्या. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने यू-टू या आयरिश बँडचा अल्बम आयट्यून्सच्या सुमारे ५० कोटी खात्यांत न मागता टाकून दिला. अनेकांना तो इतका नकोसा झाला की तो काढून टाकण्यासाठी कंपनीला वेगळे साधन पुरवावे लागले. पुढल्या महिन्यात तो विक्रीला आला तेव्हा पहिल्या आठवड्यात अमेरिकेत त्याच्या जेमतेम २८ हजार प्रती खपल्या. ज्यांना फुकट देण्याने केवळ जाहिरात होते असे वाटते त्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

किंमतही पाहावी. मे २०११ मध्ये लेडी गागाचा अल्बम पहिल्या आठवड्यात ११ लाखांवर गेला, पण त्यातल्या चार लाखांहून अधिक प्रती ॲमेझॉनने ९९ सेंटना, म्हणजे एका गाण्याच्या भावात, विकल्या होत्या. त्यानंतर त्याच वर्षी बिलबोर्डने पहिल्या चार आठवड्यांत ३.४९ डॉलरपेक्षा स्वस्त विकलेला अल्बम यादीसाठी मोजायचा नाही असे ठरवले. म्हणून २०११ च्या आधीचे आणि नंतरचे पहिल्या आठवड्याचे आकडे शेजारी ठेवताना थोडे थांबावे.

दिवस मोजा

तपासणीत मला सर्वांत उपयोगी वाटणारे काम अगदी साधे आहे. एका कागदावर तीन तारखा लिहाव्यात: गाणी प्रथम कोठे दिसली ती, मूळ ठरलेली प्रकाशनाची तारीख, आणि अल्बम प्रत्यक्षात पैसे देऊन मिळू लागला ती. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेतले दिवस हाच खरा धोक्याचा काळ असतो, कारण त्या काळात ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यालाही ते देण्याची जागा नसते. किती लाख जणांनी अल्बम उतरवला हा आकडा दिसायला भारदस्त असतो. त्यातल्या किती जणांना त्या दिवशी खरेदीचा पर्याय होता, हे विचारल्यावर तो पुष्कळदा पोकळ निघतो.

रॅपर एमिनेमचा ‘द एमिनेम शो’ ४ जून २००२ रोजी यायचा होता. तो आधीच इंटरनेटवर आणि रस्त्यावरच्या नकली सीडींत फिरू लागल्यामुळे कंपनीने तारीख अलीकडे ओढून मे महिन्याच्या अखेरीस तो बाजारात आणला. त्यामुळे मोजणीचा पहिला आठवडा त्याला पुरता मिळालाच नाही: त्या तुकड्यात सुमारे २ लाख ८४ हजार प्रती गेल्या आणि त्यापुढच्या पूर्ण आठवड्यात १३ लाखांहून अधिक. पहिलाच आकडा पाहणारा म्हणेल की फुटल्याने घात झाला. प्रत्यक्षात तो त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. यातून तपासणाऱ्याने घ्यायची खबरदारी अशी, की पहिल्या आठवड्याचा आकडा एकटा कधीही वाचू नये, निदान पहिले चार आठवडे एकत्र पाहावेत आणि प्रकाशन आठवड्याच्या कोणत्या वारी झाले हेही लिहून ठेवावे. जुलै २०१५ पर्यंत अमेरिकेत अल्बम मंगळवारी, ब्रिटनमध्ये सोमवारी आणि जर्मनीत शुक्रवारी निघत. जर्मनीत शुक्रवारी निघालेला अल्बम अमेरिकेतल्या चाहत्याच्या संगणकावर शनिवारी असे, म्हणजे ज्या धंद्याला फुटण्याची इतकी भीती होती तोच धंदा आपल्या वेळापत्रकाने दर आठवड्याला चार दिवसांची फट उघडी ठेवत होता. १० जुलै २०१५ पासून शुक्रवार हा जगभरचा दिवस ठरला, आणि ही फट बुजवणे हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते.

अंतर कमी करण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी होती. मेटॅलिकाने जून २००३ मध्ये आपला अल्बम ठरल्यापेक्षा पाच दिवस आधी काढला. यू-टूच्या नव्या अल्बमची सीडी जुलै २००४ मध्ये फ्रान्समधील नीस येथे छायाचित्रणाच्या वेळी नाहीशी झाली, तेव्हा त्यांचा गायक बोनो याने जाहीर केले की गाणी बाहेर आली तर तो अल्बम लगेच आयट्यून्सवर विक्रीला ठेवू. तशी वेळ आली नाही आणि नोव्हेंबरमध्ये पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत त्याच्या ८ लाख ४० हजार प्रती गेल्या. आइसलँडची गायिका बियर्क हिचा अल्बम मार्च २०१५ साठी ठरलेला होता. तो जानेवारीतच फुटला आणि काही दिवसांत, २० जानेवारीला, तिने तो डिजिटल रूपात विकायला काढला. सर्वांत टोकाचा मार्ग बियॉन्सेचा: १३ डिसेंबर २०१३ रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता तिचा अल्बम केवळ आयट्यून्सवर आला आणि तीन दिवसांत एकट्या अमेरिकेत ६ लाख १७ हजार प्रती विकल्या गेल्या. तिच्या बाबतीत पहिली आणि तिसरी तारीख एकच होती. फुटण्यासाठी मधे वेळच उरला नव्हता. याची किंमतही होती, कारण डिजिटल विक्रीला आधी संधी दिल्याबद्दल टार्गेट या दुकानसाखळीने नंतर आलेली सीडी ठेवायला नकार दिला.

आणि विल्को हा अमेरिकन बँड. त्यांच्या कंपनीने तयार अल्बम नाकारला, गाणी इंटरनेटवर फिरू लागली, तेव्हा बँडने सप्टेंबर २००१ मध्ये सगळा अल्बम आपल्याच संकेतस्थळावर ऐकायला ठेवला. एप्रिल २००२ मध्ये दुसऱ्या कंपनीने तो काढला; पहिल्या आठवड्यात सुमारे ५६ हजार प्रती आणि १३ वे स्थान, म्हणजे त्या बँडची तोवरची सर्वांत चांगली सुरुवात. येथे सात महिन्यांचे अंतर असूनही नुकसान दिसत नाही. दिवस मोजण्याची रीत सगळे उलगडत नाही, हे दाखवण्यासाठीच हे उदाहरण दिले.

काय फुटले आणि कोठून फुटले

ध्वनिमिश्रण अर्धवट राहिलेली गाणी फुटणे आणि पक्का अल्बम फुटणे यांत फरक करावा. रेडिओहेडचा २००३ चा अल्बम सुमारे दहा आठवडे आधी बाहेर पडला, पण ती गाण्यांची कच्ची रूपे होती. ज्याने ती ऐकली त्यालाही पूर्ण झालेला अल्बम ऐकण्याचे कारण उरले होते. पक्का अल्बम फुटला तर तसे कारण उरत नाही. मग विक्री होते ती चांगल्या आवाजासाठी, वेष्टणासाठी, संग्रहासाठी किंवा कलाकाराविषयीच्या आपुलकीसाठी.

कोठून फुटले हे कळले की तारखाही आपोआप उलगडतात. स्टुडिओतून किंवा संगणक फोडून निघालेली गाणी महिनोन्महिने आधी येतात आणि बहुधा कच्ची असतात. समीक्षकांच्या प्रतींतून निघालेली काही आठवडे आधी येतात, आणि त्यांवर कंपन्यांनी काय काय उपाय केले पाहा: २००२ च्या सुमारास एका बड्या कंपनीने सीडी प्लेअरमध्ये ठेवून प्लेअरचे झाकण आणि हेडफोनची पिनसुद्धा डिंकाने चिकटवून समीक्षकांना धाडली होती. सीडी छापणाऱ्या कारखान्यातून निघालेला अल्बम दुकानात जाण्याआधी दोन-तीन आठवडे दिसतो आणि पूर्णपणे पक्का असतो. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातील किंग्ज माउंटन येथील कारखान्यातून वर्षानुवर्षे सीडी कमरेच्या पट्ट्याच्या मोठ्या बक्कलाआड लपवून बाहेर नेल्या जात आणि ‘रॅबिड न्यूरोसिस’ नावाच्या टोळीमार्फत जगभर पसरत. म्हणजे शाळकरी मुले गाणी चोरतात असा आरडाओरडा चालू होता त्या काळात मोठे भगदाड धंद्याच्या स्वतःच्या साखळीत होते. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने प्रकाशनापूर्वीचे काम सार्वजनिक जाळ्यावर ठेवणे हा वेगळा गुन्हा केला आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.

फुटला नसता तर?

खरा अवघड प्रश्न हाच आहे. लोकप्रिय अल्बम जास्त उतरवले जातात आणि तेच जास्त विकलेही जातात. म्हणून डाउनलोडचे आणि विक्रीचे आकडे एका तक्त्यात मांडले की डाउनलोडने विक्री वाढते असे दिसते, पण त्याचा अर्थ काहीच नसतो: छत्र्या जास्त विकल्या गेल्या म्हणून पाऊस पडला असे म्हणण्यासारखे ते आहे. लोकप्रियतेशी संबंध नसलेले, पण डाउनलोड कमी-जास्त करणारे काहीतरी शोधावे लागते.

ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्प्फ या अर्थशास्त्रज्ञांनी त्यासाठी जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्या निवडल्या. सुट्टीत जर्मन मुले संगणकावर जास्त वेळ बसत, त्यामुळे अमेरिकनांना उतरवायला जास्त फाइली मिळत. आणि अमेरिकेतल्या अल्बमच्या लोकप्रियतेचा जर्मन सुट्ट्यांशी काही संबंध नव्हता. २००२ च्या अखेरच्या १७ आठवड्यांच्या नोंदींवरून त्यांनी निष्कर्ष काढला की विक्रीवरचा परिणाम शून्यापासून वेगळा ओळखता येत नाही. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि टेक्सासमधील अर्थशास्त्रज्ञ स्टॅन लीबोविट्झ यांनी त्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. रॉब आणि वॉल्डफोगेल यांनी वेगळी वाट धरली: त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रत्येक अल्बमविषयी विचारले आणि २००६ मध्ये मांडले की उतरवलेल्या प्रत्येक अल्बममागे खरेदी सुमारे ०.२ प्रतींनी घटते, म्हणजे पाच डाउनलोडमागे एक प्रत बुडते. उतरवलेली प्रत्येक प्रत ही बुडालेली विक्री असा जो हिशेब कंपन्यांचे वकील न्यायालयात मांडत, त्याच्या हा पाचवा हिस्सा झाला. पण शून्यही नव्हे.

हे अभ्यास सर्वसाधारण डाउनलोडविषयी आहेत. केवळ फुटण्याविषयी वाचायचे असेल तर नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील रॉबर्ट हॅमंड यांचे काम पाहावे. त्यांनी २०१० च्या सुमारास आलेल्या एक हजाराहून अधिक अल्बमच्या टॉरेंटवरील, म्हणजे फाइली एकमेकांना देण्याच्या जाळ्यावरील, नोंदी तपासल्या आणि त्यांना आढळले की महिनाभर आधी फुटलेला अल्बम सुमारे ६० प्रती जास्त विकतो. साठ लाख नव्हे, साठ हजार नव्हे, साठ. बातम्यांनी त्याचे मथळे ‘फुटल्याने विक्री वाढते’ असे केले. मी तो आकडा ‘जवळपास काही होत नाही’ असा वाचतो. त्या अभ्यासातली याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जो काही थोडा लाभ होता तो प्रस्थापित कलाकारांकडे झुकलेला होता, नवोदितांकडे नव्हे. अल्बम फुटल्याने अनोळखी गायकाला श्रोते मिळतात ही समजूत लोकांना फार प्रिय आहे; ती येथे तरी टिकत नाही.

एक दावा शेवटपर्यंत तपासू

मॅडोनाच्या २०१५ च्या अल्बमची तेरा कच्ची गाणी डिसेंबर २०१४ मध्ये इंटरनेटवर आली, मागोमाग आणखीही आली. तिने २० डिसेंबरला सहा पूर्ण गाणी तातडीने आयट्यून्सवर विक्रीला ठेवली. पूर्ण अल्बम मार्चमध्ये आला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत त्याच्या सुमारे १ लाख १६ हजार प्रती खपल्या आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. २०१२ मधल्या तिच्या आधीच्या अल्बमने पहिल्या आठवड्यात ३ लाख ५९ हजारांचा आकडा गाठून पहिला क्रमांक घेतला होता. दोन-तृतीयांश खप गेला, आणि अल्बम फुटलाही होता. खटला संपला असे वाटते.

आता कागद काढा. २०१२ चा अल्बम मैफलीच्या तिकिटाबरोबर जोडून दिला जात होता आणि त्या प्रती मोजल्या गेल्या होत्या. त्याचा पुरावा दुसऱ्या आठवड्यात सापडतो: खप एकदम सुमारे ४८ हजारांवर, म्हणजे ८६ टक्क्यांहून अधिक खाली आला. म्हणजे तुलनेचा पायाच फुगलेला होता. त्यातच अमेरिकेतील अल्बमची एकूण विक्री २०१२ मधील ३१ कोटी ६० लाखांवरून २०१४ मध्ये सुमारे २५ कोटी ७० लाखांवर आली होती, हेही वजा करावे लागते. फुटलेली गाणी कच्ची होती. सहा पक्की गाणी मात्र अल्बमच्या आधी अडीच महिने सुटी विकली गेली होती, त्यामुळे काही ग्राहकांची गरज तेथेच भागली असेल. एवढे वजा केल्यावर फुटण्याच्या नावे टाकायला काही उरते का? थोडे उरत असेल, पण ‘दोन-तृतीयांश’ हा शब्द आता कोणत्याही प्रामाणिक लेखात लिहिता येणार नाही.

२०१४ नंतरचे आकडे वाचताना

डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डची अल्बमयादी निव्वळ विक्रीची राहिली नाही. विकलेली दहा सुटी गाणी म्हणजे एक अल्बम आणि १,५०० स्ट्रीम (ॲपवर एखादे गाणे एकेकदा ऐकणे) म्हणजे एक अल्बम, असा विनिमयदर लागू झाला. २०१८ मध्ये पैसे भरणाऱ्या श्रोत्यांसाठी तो १,२५० आणि फुकट ऐकणाऱ्यांसाठी ३,७५० असा झाला. २०१८ च्या त्या दराने बारा गाण्यांचा अल्बम पैसे भरणाऱ्या श्रोत्याने सुमारे १०४ वेळा सलग ऐकला तेव्हा कोठे एक प्रत विकल्याची नोंद होत असे. यामुळे फुटण्याचा अर्थच बदलला. पूर्वी आधी ऐकलेला माणूस दुकानात गेला नाही तर एक पूर्ण प्रत बुडत असे. आता प्रकाशनाच्या दिवशी तो अधिकृत ॲपवरच पुन्हा ऐकणार असेल, तर त्याच्या आधीच्या दहा-वीस ऐकण्यांनी बुडतो तो प्रतीचा लहानसा अंश. वाईट परिणाम होतो तो पहिल्या आठवड्याच्या कुतूहलावर, आणि तो कोणत्याही तक्त्यात नीट दिसत नाही. स्ट्रीमिंगच्या ऐन भरात, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ॲडेलने आपला अल्बम स्ट्रीमिंगवर न ठेवता पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे ३३ लाख ८० हजार प्रती विकल्या. त्यावरून नियम काढू नये, हे आता वेगळे सांगायला नको.

हे गणित आपल्याकडे लावताना

आपल्याकडे ही रीत जशीच्या तशी चालणार नाही. आपल्या बाजारात गाण्याची ओळख गायकाच्या अल्बमपेक्षा चित्रपटाशी जोडलेली असते, आणि चित्रपटाची गाणी आधी ऐकवणे हा प्रसिद्धीचाच भाग असतो. तेथे ‘प्रकाशनापूर्वी बाहेर पडली’ याला वेगळा अर्थ आहे. कॅसेट संपल्यानंतर आपल्या तालुक्याच्या गावांत गाणी पोहोचली ती मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेण्याच्या मार्गाने. त्या व्यवहारात पैसे मोजले जात, पण ते गायक-संगीतकारापर्यंत जात नसत, आणि त्यांची नोंद कोठेही होत नसे. साउंडस्कॅनसारखी आठवडी, दुकानागणिक नोंद नसताना ‘अमुक मराठी अल्बम फुटल्यामुळे इतके लाख बुडाले’ असे विधान समोर आले, तर आकडा कोणी आणि कशावरून काढला एवढेच विचारावे. उत्तर बहुधा उतरवलेल्या प्रती गुणिले छापील किंमत, असेच मिळते.

स्वतःचाच अल्बम फुटला तर

भावगीतांचा किंवा स्वतंत्र रचनांचा अल्बम स्वतः काढणाऱ्यांसाठी वरच्या सगळ्या तपासणीतून निघणारे काम थोडे आहे, पण ते आधीच करून ठेवावे लागते. वितरकाकडे पक्की ध्वनिमुद्रणे, मुखपृष्ठ आणि प्रत्येक गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षरी-अंकी आयएसआरसी क्रमांक प्रकाशनाच्या तारखेच्या पुष्कळ आधी देऊन ठेवावेत, म्हणजे तारीख अलीकडे ओढायची वेळ आली तर ती ओढता येते. कोणाला ऐकायला द्यायचे असेल तर प्रत्येकाच्या प्रतीत कानाला न जाणवणारा एखादा फरक ठेवावा, जसे की शेवटच्या स्वरानंतरची शांतता एकाला तीन सेकंदांची आणि दुसऱ्याला साडेतीन. कोणाकडून फुटले ते शोधायला एवढे पुरते आणि डिंकाने चिकटवलेल्या प्लेअरपेक्षा ते स्वस्तही पडते.

गाणी फुटल्याचे कळताच सर्वांत आधी ती कच्ची आहेत की पक्की हे ऐकून ठरवावे. कच्ची असतील तर प्रकाशनाची तारीख बदलण्याची घाई नको. एखादे पूर्ण गाणे अधिकृतपणे ऐकायला ठेवले तरी लोकांना फरक कळतो. पक्की असतील तर बियर्कची वाट धरावी, कारण तुमचे श्रोते आज शोधत आहेत आणि शोधणाऱ्याला सापडणारी पहिली जागा तुमची असायला हवी. यूट्यूबवर कोणी गाणे चढवले असेल आणि वितरकाकडे कंटेंट आयडीची, म्हणजे आपले गाणे ओळखणाऱ्या यूट्यूबच्या व्यवस्थेची, सोय असेल, तर ते काढून टाकण्याऐवजी त्याचे उत्पन्न स्वतःकडे वळवण्याचा पर्याय आधी पाहावा.

इतर संकेतस्थळांवरच्या दुव्यांसाठी आपल्या कॉपीराइट कायद्यात तरतूद आहे. मालकाने लेखी तक्रार दिली की नियमानुसार मध्यस्थ संकेतस्थळाने ३६ तासांत तो दुवा बंद करायचा असतो, आणि तो २१ दिवस बंद राहतो. तेवढ्यात सक्षम न्यायालयाचा आदेश आणला नाही तर दुवा पुन्हा खुला करण्याची मुभा त्यांना असते. म्हणून तक्रारीत गाण्याचे नाव, आपली मालकी, नेमका दुवा आणि तो पाहिल्याची तारीख-वेळ हे सगळे लिहावे आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत. हीच टिपणे पुढे खपाचा हिशेब मांडताना पहिल्या तारखेच्या रकान्यात उतरवता येतात.